रामगोंडाचं अर्थिंग

आधीच सांगते, माझ्या भावाला, रामगोंडाला, कुणी येडा म्हणायचं न्हाई. म्हणायचं असंल तर मी म्हणीन. मी त्याची थोरली भन हाय, तेवढा हक्क मला हाय. दुसऱ्या कुणी म्हणलं तर त्याच्या दारात उभी राहून सात पिढ्या उद्धारून येईन, आन् हे गावाला चांगलं ठावं हाय.

मी आक्काताई. सांगलीच्या अलीकडं वारणेच्या काठाला आमचं गाव. बापानं मला गावातच दिली, माहेराच्या मागच्या गल्लीत. त्यामुळं सासरी बोललं की माहेरी ऐकू जातं. माझी सासू म्हणायची, "सून केली का दवंडीवाला आणला?" ती गेली बिचारी, पण मी एवढ्या मोठ्यानं बोलते म्हणून शेवटपर्यंत तिलाच बहिरी म्हणत व्हते लोक.

थोरला दुष्काळ होऊन गेला त्याच्या दुसऱ्या सालाची ही गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षी रामगोंडाचं मन बसलं. बसलं म्हंजे चालता बैल मधेच बसतो तसं बसलं, शेपूट पिरगाळली तरी उठायला तयार न्हाई. कारण काही न्हाई बरं का. ऊस चांगला, हळद चांगली, बायको गुणमाला तर सोन्यासारखी. पण हा गोठ्यात पोत्यावर बसून भिंतीकडं बगत राहायचा. मी जाऊन तोंड सोडायची, "अरं मुडद्या, म्हशी उपाशी हायत, उठतोस का आता?" एरवी मी एक शिवी दिली की त्याच्याकडनं दोन यायच्या. लहानपणापासनं आमचं असंच, त्याशिवाय आमाला अन्न गोड लागत न्हाई. पण तवा तो मान वर न करता म्हणायचा, "असू दे, आक्का." बास. त्या 'असू दे'ची मला इतकी भीती बसली की घरी येऊन चुलीपुढं रडायची. कुणी बगितलं की धूर लागला म्हणून सांगायची.

शेवटी मी आन् गुणमालानं मिळून त्याला मिरजेच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी लालसर गोळ्या दिल्या, रोज घ्यायच्या. महिनाभर काही फरक न्हाई, आन् मग हळूहळू हा माणसात आला. शेतात जायला लागला, हसायला लागला. मी बस्तीत, आमच्या जैनांच्या देवळात, जाऊन देवापुढं नारळ ठेवला. आमाला वाटलं, सुटलो.

त्या चातुर्मासात आमच्या गावात मुनी महाराज राहायला आले. गावाचं नशीबच म्हणायचं. आमच्या जैनांत रीत असती, चातुर्मास लागला की महाराजांपुढं बसून काहीतरी सोडायचा नियम घ्यायचा. आपल्या आवडीचं. कुणी भेंडी सोडतं, कुणी गोड सोडतं. गुणमालानं पालेभाजी सोडली. मी चहा सोडला. चहा! माझा जीव गेला असता तरी परवडलं असतं. डोकं आधीच तापट, त्यात चहा न्हाई. त्या चार महिन्यांत माझ्या वाऱ्याला कुणी उभं राहत न्हव्हतं.

रामगोंडाची पाळी आली. हा डोळं मिटून, हात जोडून नुसता पुटपुटला. मी इचारलं, "काय सोडलंस रं?"

"मनातला नियम सांगायचा नसतो," असं म्हणून हा असा काही हसला, जसा मोक्षाचं तिकीट काढूनच आलाय.

आठवडा गेला असंल नसंल. मी त्यांच्या परड्यात शेंगा वाळत घालत व्हते. रामगोंडा घरातनं बाहेर आला, उंबऱ्यावर वळला आन् दाराची चौकट धरून ओरडला, "आयो! बटण कुणी दाबलं?"

"कसलं बटण?" मी इचारलं.

"डोक्यात करंट बसला गं आक्का! झर्रर्र करून. कानापासनं कानापर्यंत!"

मला वाटलं, ऊन लागलं असंल. पण मग रोजचंच झालं ते. जेवताना झर्र, चालताना झर्र, कुणी हाक मारली की झर्र. नुसत्या डोळ्याची बुबुळं बाजूला फिरवली तरी झर्र. मधेच जमीन हलल्यागत व्हायचं आन् हा म्हशीच्या गळ्यात पडायचा. म्हस बिचारी गुणाची, उभी राहायची.

गावात लाइट येऊन फार दिवस झाले न्हव्हते, आन् त्याच उन्हाळ्यात आमच्या उसावरनं मोठ्या तारा ओढलेल्या. लोक म्हणायचे, ती लाइट कोयनानगरच्या धरणातनं येती. झालं! रामगोंडानं हिशोब मांडला की धरणातनं निघालेली वीज कराडला न थांबता, सांगलीला न थांबता, नीट त्याच्या टाळक्यात उतरती. मी म्हणलं, "एवढं मोठं धरण बांधलं सरकारनं, ते काय तुझ्या रिकाम्या मडक्यात दिवा लावायला?" पण ऐकंल तर शप्पथ. घरातला एकुलता एक बल्ब काढला, फडक्यात गुंडाळला आन् कणगीत लपवला. तरी झर्र.

मग नाथाजीला बोलावणं धाडलं. नाथाजी रामगोंडाचा शाळेपासनंचा दोस्त, कुपवाडला एका कारखान्यात वायरमन. फटफटीवरनं आला की अख्ख्या गल्लीतली कुत्री मागं लागायची. त्यानं रामगोंडाला बाजेवर बसवलं, खिशातनं टेस्टर काढला आन् त्याच्या कपाळाला लावला. आमी सगळी श्वास रोखून बगतोय. टेस्टर पेटला न्हाई.

शहाण्यानं म्हणलं असतं, करंट न्हाई. नाथाजी म्हणला, "बगितलं? टेस्टरला घावत न्हाई, म्हंजे लीकेज आतल्या आत हाय. गड्या, तुला अर्थिंगच न्हाई, करंटला जमिनीत उतरायला वाटच न्हाई."

"मग?" रामगोंडा घाबरून म्हणला.

"मग काय, मोटारीला करतो तसं तुला करू."

आन् केलं की! परड्यात खड्डा खणला, कोळसा घातला, मीठ घातलं, वर घागरभर पाणी ओतलं. तांब्याच्या तारेचं एक टोक खड्ड्यात आन् दुसरं रामगोंडाच्या पायाच्या अंगठ्याला. गुणमालाचं वर्षाचं मीठ खड्ड्यात गेलं, ती नुसती डबा धरून बगत राहिली. रामगोंडा तासभर तसाच बसला, बांधलेल्या कोकरागत. मग शेजारची कोंबडी मीठ टोचायला आली, हिनं कुठं टोच मारली म्हणून ह्यानं बाजूला नजर टाकली, आन् झर्र!

नाथाजी काय हार मानतोय? म्हणला, "एका जागंला बसून न्हाई भागायचं. तुला फिरतं अर्थिंग पायजे. पेट्रोलच्या टँकरला मागं साखळी लोंबत असती की न्हाई?"

म्हशीची साखळी काढून रामगोंडाच्या करदोट्याला बांधली. म्हशीला सुतळी. दुसऱ्या दिवसापासनं माझा भाऊ गावातनं चालला की खळ् खळ् खळ्. लोक घरातनं म्हणायचे, "म्हस सुटली वाटतं," आन् बाहेर येऊन बगतात तर रामगोंडा पाटील. माझी मान खाली गेली, पण तोंड काय खाली गेलं न्हाई. जो हसला त्याचं घर उठवलं मी.

आन् पुढं जे झालं ते तर त्याच्यावर कडी. बुबुळं फिरवली की करंट बसतो हे कळल्यावर रामगोंडानं इकडंतिकडं बगणंच सोडलं. समोर म्हंजे समोर. बाजूला बगायचं असंल तर अख्खा माणूस फिरायचा, साखळीसकट. बस्तीत जायचा तो नाकासमोर, यायचा तो नाकासमोर. बाया पाण्याला निघाल्या तरी ह्याची नजर ढळायची न्हाई. बस्तीचे कारभारी नेमिनाथ अण्णा एक दिवस भर कट्ट्यावर म्हणले, "काय ही नजर! काय हा संयम! आन् कमरेला साखळी कशाला बांधलीय ठावं हाय? संसाराचं बंधन सदा ध्यानात राहावं म्हणून!"

हे त्यांनी मनानंच काढलेलं. पण गावाला पटलं. लोक आपल्या पोरांना रामगोंडाच्या पाया पडायला आणायला लागले. पाया पडणाऱ्याकडं वाकून बगायची सोय न्हाई, म्हणून हा वर आढ्याकडं बगत आशीर्वाद द्यायचा. त्यानं लोक आणखीनच गार पडायचे. आन् हा गाढव, करंट बसतोय म्हणून सांगायचं सोडून, आतल्या आत फुगला. मी म्हणलं, "रामू, खरं सांग की लोकांना." तर म्हणतो, "आक्का, नियमाचं तेज असंल हे. महाराज म्हणले न्हाईत का, त्याग केला की आत्म्यात शक्ती जागी व्हती?"

अण्णांनी त्याला अभिषेकाला दुधाचा कलश धरायला उभा केला. मोठा मान. सगळं गाव जमलेलं. रामगोंडा कलश डोक्यावर उचलून नीट समोर बगत उभा, आन् तेवढ्यात मागनं कुणीतरी शिंकलं. ह्यानं सवयीनं नजर वळवली. झर्र झालं, हात सुटला आन् कलशभर दूध अण्णांच्या टकलावर. अण्णा दुधानं निथळत, डोळं मिटून, हात जोडून उभे. त्यांना वाटलं, आपल्यावर कृपा झाली.

मला तवा इतकं हसू आलं की मी पदर तोंडात कोंबला. पण हसता हसता रामगोंडाच्या तोंडाकडं बगितलं आन् हसू जागीच थिजलं. दुनियेची फजिती झाली तरी ह्याच्या तोंडावर काहीच न्हाई. लाज न्हाई, हसू न्हाई. घरी येऊन मी मुद्दाम डिवचलं, "काय रं, अण्णांना न्हाऊ घातलंस, मलाबी घालतोस का?"

तो पोत्यावर बसला. म्हणला, "असू दे, आक्का."

दुसऱ्या दिवशी म्हस उसात शिरली तरी 'असू दे'. गुणमालानं ताट पुढं ठेवलं तरी 'असू दे'. झोप न्हाई, मधेच रडतोय, मधेच खेकसतोय आन् परत गप. करंट राहिला बाजूला, माझा भाऊ परत त्या भिंतीपाशी निघाला व्हता आन् मला डोळ्यानं दिसत व्हतं.

मी गुणमालाला म्हणलं, "गोळ्या संपल्या का गं? आणायला जाऊ मिरजंला."

ती म्हणली, "संपतील कशा आक्का? बाटली तर भरलेली हाय. ह्यांनी चातुर्मास लागल्यापासनं उघडलीच न्हाई."

मी बाटली घेऊन गोठ्यात गेले आन् त्याच्या नाकासमोर धरली, बाजूला धरून त्याला दिसत न्हव्हती म्हणून. "हे काय?"

तो म्हणला, "तोच नियम हाय, आक्का. गोळीच सोडली मी."

"गोळी? अरं, आवडीचं सोडायचं असतं!"

"आवडीचं सोडवत न्हाई की. भडंग सोडू? सांगलीला जाऊन भडंग न खाता येऊ? गोळीनं तोंड कोरडं पडतं, पोट साफ व्हत न्हाई. म्हणलं नियमबी होईल आन् सुटकाबी होईल. बरा झालोच व्हतो की मी."

आता सांगा, अशा माणसाला काय म्हणावं! सारं गाव जीव मारून आवडीचं सोडतंय, मी चहावाचून कावलीय, आन् ह्या दीडशहाण्यानं देवालाच गंडवायचा बेत केला! मी इतकी ओरडले की म्हशीनं सुतळी तोडली. पण आतनं हायसंबी वाटलं. चोर सापडला व्हता.

मी आन् गुणमाला एसटीनं मिरजंला गेलो. डॉक्टरांनी साखळीसकट सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "गोळी एकदम तोडली की काही जणांना असं होतं. डोक्यात झटके, चक्कर, चिडचिड. त्यात वीजबीज काही नसते. पुन्हा चालू करा. पुढं बंद करायची वेळ आली की मी सांगेन तशी थोडी थोडी कमी करायची. झटके लवकर जातील, मन वर यायला मात्र काही आठवडे लागतील. धीर धरा." मग म्हणाले, "पण ती साखळी कशासाठी?"

गुणमाला म्हणली, "अर्थिंग." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आन् परत लावला.

घरी येऊन गोळी पुढं केली तर रामगोंडा तोंड उघडायला तयार न्हाई. "नियम मोडला तर पाप लागंल. आन् गाव काय म्हणंल? आता मरू दे मला असंच."

'मरू दे' म्हणला तो. त्या शब्दासरशी माझं डोकं फिरलं. मी त्याची साखळी धरली आन् ओढत ओढत बस्तीत महाराजांपुढं नेला. वाटेत लोक हात जोडायला लागले, त्यांना म्हणलं, "हटा! ह्याला अजून मोक्ष मिळायचाय."

महाराजांना नमोस्तु केला आन् एका दमात सगळं सांगून टाकलं. रामगोंडा खाली मान घालून बसला. अण्णा तिथंच व्हते, त्यांचा जबडा खाली आला.

महाराजांनी शांतपणे इचारलं, "रामगोंडा, ही गोळी तुला आवडत होती का?"

"न्हाई महाराज. लय वंगाळ."

"मग तू त्याग कशाचा केलास? उद्या कोणी म्हणेल, मी एरंडेल तेल सोडलं. कोणी म्हणेल, मी सासूचा मार सोडला." लोक हसायला लागले. महाराज म्हणाले, "जे नकोच होतं ते सोडणं हा नियम नव्हे. तुझा नियम झालेलाच नाही, तर मोडेल कसा? आणि आजाऱ्यानं औषध टाकावं असं धर्म सांगत नाही. घरी जा, गोळी घे. आणि नियम घ्यायचाच असेल तर खरा घे."

रामगोंडा लय बारीक आवाजात म्हणला, "भडंग." डोळ्यात पाणी आलं त्याच्या.

मी मान हलवली, आता कशी जिरली! तेवढ्यात महाराज माझ्याकडं वळले. "बाई, तुझा आवाज मला रोज इथं ध्यानाला बसल्यावर ऐकू येतो. तू चहा सोडलास, चांगलं केलंस. आता दिवाळीपर्यंत शिवीही सोड."

सगळ्या गावापुढं न्हाई कशी म्हणणार? घेतला नियम. माझा नवरा मागं उभा व्हता, त्यानं तर साष्टांग नमस्कारच घातला.

गोळी सुरू झाली. चार-सहा दिवसांत झर्र झर्र थांबलं. रामगोंडा भीत भीत डावीकडं बगू लागला, मग उजवीकडं. साखळी म्हशीला परत मिळाली. नाथाजी येऊन सांगून गेला, "अर्थिंगला जरा वेळ लागतो, पण गुण येतो." मी दात आवळून गप्प. नियम!

करंट गेला, पण माणूस काय परत आला न्हाई. गप येतो, गप बसतो, 'असू दे'. डॉक्टर म्हणले व्हते काही आठवडे, पण ज्याचं त्याला कळतं. पहिल्यांदा लागू पडलं तसं औषध दुसऱ्यांदाबी पडतंय का न्हाई, कुणाला ठावं? रोज सकाळी उठून मी त्याच्या दारात जायची. बोलून काही उपयोग न्हव्हता आन् शिवी द्यायची सोय न्हव्हती. नुसती उभी राहायची आन् परत यायची. घरात सगळे म्हणायचे, काय शांत झाली आक्काताई. मी शांत न्हव्हते, मी भ्यालेली व्हते.

दसरा होऊन गेला. एक दिवस दुपार कलल्यावर मी आन् गुणमाला भाकरी घेऊन त्यांच्या हळदीच्या रानात गेलो. रामगोंडा पाणी पाजत व्हता. चालून चालून माझं पाय भरून आलं, मी टोपली ठेवली आन् जागा बगून बसले. बसले ती नेमकी हळदीच्या सरीत.

"आक्के!" असा आवाज आला की झाडावरचं कावळं उडालं. "डोळं गावात गहाण टाकून आलीस का? हळदीत बसलीस? उठ, तुझ्या बुडाखाली माझं अर्धं पीक गेलं! बांध दिसंना व्हय एवढा थोरला? म्हस बरी तुझ्यापेक्षा, निदान बांध बगून बसती!"

मी बसल्या जागी त्याच्याकडं बगत राहिले. चिखलाच्या पायानं, खोरं हातात घेऊन, लालबुंद होऊन माझा भाऊ मला शिव्या देत व्हता. गुणमालाच्या हातातला तांब्या खाली पडला. दिवाळी अजून लांब व्हती. मी देवाला मनात म्हणलं, काय पाप लागायचं ते मला लागू दे. आन् उठून पदर खोचला.

"म्हस कुणाला म्हणतोस रं, मुडद्या? तुझ्या हळदीला आग लागो! उन्हातानाची भाकरी आणली तर माझं बूड मोजतोस? थांब, आता सगळ्या सरीतनं लोळून दावते!"

"लोळ! लोळ! तेवढाच रानाला रोलर फिरंल!"

"आरं जा, भडंगाच्या भिकाऱ्या!"

"तू जा, चहाच्या भुकेल्ये!"

तो एक बोलला की मी एक, मी एक बोलले की तो दोन. मी रडतबी व्हते आन् ओरडतबी व्हते, नाक कवा वाहायला लागलं तेबी कळलं न्हाई. त्याचाबी आवाज मधे मधे कापायला लागला, पण थांबला न्हाई तो. शेजारच्या रानातली माणसं भांडण सोडवायला धावत आली, तर गुणमालानं त्यांना बांधावरच अडवलं. जन्मात कुणापुढं आवाज न चढवणारी बाई ती, दोन्ही हात पसरून म्हणली, "कुणी मधे पडायचं न्हाई. भांडू द्या त्यास्नी."

आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत. भांडता भांडता सूर्य कवा बुडाला ते तिघांनाबी कळलं न्हाई. टोपलीतली भाकरी तशीच राहिली. त्या रातीला तिघंबी उपाशी झोपलो, आन् मला तर वर्षभरात लागली न्हव्हती अशी गाढ झोप लागली.